एअरसॉफ्ट गनसाठी ब्रेकवाला मॉस्फेट स्विच: मी बनवते तसा

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाचगणीच्या बाजूला खेळाचं मैदान चालवणारा एक मुलगा दुकानात आला आणि पोत्यात गुंडाळून आणलेल्या सहा एअरसॉफ्ट गन, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या खेळातल्या बंदुका, त्याने काउंटरवर ठेवल्या. आमचं दुकान साताऱ्यात, मोटर वाइंडिंगचं. आप्पांनी उभं केलं, आता मी बघते. आमच्याकडे येतात शेतपंप, ग्राइंडर, पिठाच्या गिरणीच्या मोटरी. गन पहिल्यांदाच आली.

"ताई, आत मोटरच आहे हो. तुम्हीच बघा."

त्याच्या तक्रारी दोन होत्या. चार गनमध्ये ट्रिगर दाबल्यावर गोळी सुटायला उशीर लागायचा, कधी तर दाबूनही काहीच व्हायचं नाही. उरलेल्या दोन गनला त्याने मोठी, ११.१ व्होल्टची बॅटरी लावली होती. त्या जोरात चालायच्या, पण सिंगलवर, म्हणजे एका दाबाला एकच गोळी अशा खटक्यावर, ठेवून एकदा दाबलं की मधूनच दोन गोळ्या जायच्या. खेळात यावरून भांडणं व्हायची.

दोन्ही दुखणी एका छोट्या बोर्डाने बरी होतात. त्यावर मॉस्फेट, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. तो बोर्ड कसा बनवायचा ते इथे लिहिते. पण आधी आत काय चालतं ते समजून घ्या. न समजता नुसती जोडणी केली की काय होतं ते मी माझ्या हाताने भोगलं आहे, ते पुढे येईलच.

या गनमध्ये कार्बन ब्रशची, चुंबकवाली छोटी डीसी मोटर असते. ती तीन गिअर फिरवते, शेवटचा, अर्ध्याच घेराला दात असलेला गिअर पिस्टन मागे ओढतो, स्प्रिंग दाबली जाते आणि दात संपले की पिस्टन सुटतो. त्या हवेच्या दाबाने ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी बाहेर जाते. १९९१ साली जपानच्या टोकियो मारुईने अशी पहिली इलेक्ट्रिक गन बाजारात आणली, मूळ रचना आजही तीच आहे. साध्या गिअरसेटचं प्रमाण साधारण १८ ला १ असतं. म्हणजे एका गोळीमागे मोटर अठराएक फेरे मारते.

आता ट्रिगर. गनचा ट्रिगर म्हणजे तांब्याच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यात घुसणारं एक सरकता तुकडा. मोटरचा सगळा करंट याच पट्ट्यांतून जातो. चालू मोटरला १५-२० अँपिअर, आणि सुरू होतानाचा झटका त्याच्याही कितीतरी वर. दर वेळी ट्रिगर सोडताना ठिणगी पडते, पट्टी काळी होते. काळी झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो, मोटरला व्होल्टेज कमी मिळतं, मोटर आळसावते. पाचगणीच्या पावसाळ्यात धुकं आणि ओल यांनी त्यात भर पडते. मी पहिला गिअरबॉक्स उघडला तेव्हा पट्टीची कड करपलेल्या भाकरीसारखी झाली होती. नखाने खरवडली तर भुकटी हातात आली.

ज्याच्या विहिरीवर पंप आहे त्याला यावरचा इलाज ठाऊक आहे. पाच एचपीची मोटर आपण भिंतीवरच्या साध्या बटणाने चालू करतो का? नाही. हिरवं बटण फक्त स्टार्टरच्या कॉइलला वीज देतं, मोटरचा करंट स्टार्टरच्या जाड पॉइंटमधून जातो. मॉस्फेट म्हणजे या गनचा स्टार्टर. ट्रिगरच्या पट्ट्यांतून आता जेमतेम ४ मिलिअँपिअर जातो आणि मोटरचा भार मॉस्फेट उचलतो. फरक इतकाच, की मॉस्फेटला पॉइंट नाहीत. ठिणगी नाही आणि काळं पडणं नाही.

हे झालं सुरू होण्याचं. थांबण्याचं दुखणं वेगळं आहे. ट्रिगर सुटला, वीज बंद झाली, तरी मोटर आपल्या वेगात फिरत राहते. बॅटरी मोठी आणि स्प्रिंग हलकी असेल तर ती पिस्टन परत ओढते आणि आणखी एक गोळी सोडूनच थांबते. हीच ती दुसरी गोळी.

यावरचा ब्रेक इतका सोपा आहे की पहिल्यांदा कळला तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. आमच्या कॉइल गुंडाळायच्या मशीनला आप्पांनी गाडीच्या वायपरची मोटर बसवली होती. वेढे मोजून बंद करावी तर ती दोन-तीन वेढे जास्तीचे घेऊनच थांबायची. आप्पा तळहात टेकवून थांबवायचे, त्यांच्या उजव्या तळव्याला कायमचा घट्टा पडला होता. गाडीत मात्र तीच मोटर काचेच्या खालच्या कडेला बरोबर जागेवर थांबते. कारण तिथे वीज बंद होताक्षणी आतला पार्किंगचा स्विच मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो. फिरणारी चुंबकवाली मोटर म्हणजे जनरेटरच. टोकं जोडली की तिनेच तयार केलेला करंट तिच्यातूनच उलटा वाहतो आणि तिचीच फिरकी अडवतो.

खेळण्यातल्या गाडीची मोटर घ्या आणि दांडा बोटांनी फिरवा. मग दोन्ही वायरी एकत्र पिळून परत फिरवा. आधी हलका फिरणारा दांडा आता काकवीत बुडवल्यासारखा जड लागेल. जितक्या जोरात फिरवाल तितका जड. हळू फिरवलात तर फार अडणार नाही. हा ब्रेक वेग मारतो, पण थांबलेल्या मोटरला धरून ठेवत नाही. एवढं लक्षात ठेवा.

ब्रेक सगळ्यांनाच लागतो का? नाही. मी त्या सहांपैकी दोनच गनला ब्रेक लावला. ७.४ व्होल्टची बॅटरी, साधी मोटर, कंपनीची स्प्रिंग असेल तर मोटर स्प्रिंगच्या ओढीनेच लवकर थांबते. तिथे नुसता मॉस्फेट पुरे. ब्रेकची किंमतही असते. उलटा करंट कार्बनमधूनच जातो, त्यामुळे कार्बन लवकर झिजतात आणि मोटर थोडी जास्त तापते. निओडिमियम चुंबकाच्या ताकदवान मोटरीत हे जास्तच.

आणखी एक खरी गोष्ट सांगते, कारण विकणारे सांगत नाहीत. ब्रेकमुळे मोटर सुरू लवकर होत नाही. उलट बिनब्रेकची जोरदार गन पुष्कळदा पिस्टन अर्धा ओढून थांबते, मग पुढची गोळी अर्ध्या वाटेवरून निघते म्हणून चटकन सुटते. पण ती कधी पाव वाटेवर थांबेल, कधी पाऊण, कधी पलीकडे जाऊन दुसरी गोळी सोडेल. बोटाला भरवसा राहत नाही, आणि अर्धी दाबलेली स्प्रिंग रात्रभर तशीच राहून थकते. ब्रेक लावला की मोटर दर वेळी जवळपास एकाच जागी थांबते, म्हणून दर वेळी सारखीच निघते. मला विचाराल तर ट्रिगर चांगला म्हणजे सारखा वागणारा ट्रिगर.

सामानाचं बघू. मॉस्फेटला तीन पाय असतात: गेटवर इशारा येतो, ड्रेन आणि सोर्स यांच्यातून मोटरचा करंट जातो. 'उघडतो' म्हणजे करंट जाऊ देतो. एन-चॅनल आणि पी-चॅनल हे त्याचे दोन प्रकार, उलट इशाऱ्यावर चालणारे. मुख्य मॉस्फेट एन-चॅनल, मी आयआरएलबी३०३४ वापरते. ४० व्होल्टचा आहे, आणि मुख्य म्हणजे कमी गेट व्होल्टेजवरही पूर्ण उघडतो. आयआरएफ३२०५ साताऱ्यातही मिळतो आणि स्वस्त आहे, पण तो घेऊ नका. सुरुवातीच्या झटक्याला ७.४ ची बॅटरी ६ व्होल्टच्या आसपास बसते, तेवढ्या गेट व्होल्टेजवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. ब्रेकसाठी पी-चॅनल आयआरएफ४९०५. त्याशिवाय १एन४१४८ डायोड दोन. रेझिस्टर ४७ ओहम, २.२ के, ४.७ के आणि १०० के (के म्हणजे किलो-ओहम), प्रत्येकी एक; २२ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर. जाड वायर सिलिकॉनची, १६ गेज. ट्रिगरसाठी बारीक टेफ्लॉन वायर. आणि गाडीला लागतो तसा पात्याचा फ्यूज, २५ अँपिअरचा, होल्डरसकट. फ्यूज हवाच. तो नसेल तर बॅटरीला हात लावू नका.

मॉस्फेट मी पुण्याहून, तपकीर गल्लीतून आणवते. पण कुठूनही आणा, आणल्यावर तपासा. एकदा एका दुकानातून घेतलेले दहाच्या दहा मॉस्फेट नकली निघाले. वरचे आकडे सुबक, आतला माल भलताच. तपासायची रीत सोपी आहे. गाडीची बॅटरी घ्या, ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब लोड म्हणून जोडा, सुमारे ५ अँपिअर वाहतात. एन-चॅनल असेल तर बल्बच्या खालच्या बाजूला, सोर्स निगेटिव्हला आणि गेट पॉझिटिव्हला. पी-चॅनल असेल तर बल्बच्या वरच्या बाजूला, सोर्स पॉझिटिव्हला आणि गेट निगेटिव्हला. बल्ब पूर्ण पेटला की ड्रेन आणि सोर्स यांच्यात मिलिव्होल्ट मोजा. ३०३४ वर १० मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत, ४९०५ वर १०० च्या आसपास किंवा कमी. माझ्या नकली मालावर ३८० आले होते. असा तुकडा सरळ कचऱ्यात टाका.

आता जोडणी. कागदावर काढून घ्या, मी सांगते तसं.

बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्यूजमधून येऊन मोटरच्या पॉझिटिव्हला जातो, मध्ये काही नाही. मोटरचा निगेटिव्ह एन-चॅनलच्या ड्रेनला, एन-चॅनलचा सोर्स बॅटरीच्या निगेटिव्हला. पी-चॅनल मोटरच्या दोन टोकांवर आडवा बसतो: सोर्स मोटरच्या पॉझिटिव्हला, ड्रेन मोटरच्या निगेटिव्हला. तो उघडला की मोटरची टोकं जोडली जातात. तोच ब्रेक.

ट्रिगरची एक बाजू बॅटरीच्या पॉझिटिव्हला. दुसऱ्या बाजूला ४७ ओहम, आणि त्याच्या पुढच्या टोकाला आपण 'नाका' म्हणू. नाक्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हला २.२ के. ट्रिगर दाबला की नाक्यावर बॅटरीचं व्होल्टेज येतं, सोडला की शून्य. व्होल्टेज आलं की एन उघडतो आणि पी बंद होतो. शून्य झालं की एन बंद आणि पी उघडा. एकच इशारा दोघांना उलटसुलट चालवतो.

हे वाचून वाटतं, दोन्ही गेट नाक्याला जोडले की काम झालं. मलाही तसंच वाटलं. माझा पहिला बोर्ड असाच होता. टेबलावर छान चालला. गनमध्ये बसवून ११.१ ची बॅटरी लावली, चाळीसेक गोळ्या गेल्या असतील, बोर्डाला हात लावला तर चटका बसला. हात मागे घेईपर्यंत फट् करून फ्यूज उडाला. पी-चॅनल आतल्या आत जळून कायमचा जोडला गेला होता. ट्रिगर दाबला की बॅटरी सरळ शॉर्ट. फ्यूज नसता तर ती लिथियमची बॅटरी माझ्या हातात पेटली असती. आप्पा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, उठून वाळूची बादली माझ्या टेबलाखाली आणून ठेवली. ती आजही तिथेच आहे.

झालं काय होतं? मॉस्फेटचं गेट म्हणजे छोटा कपॅसिटर. तो भरायला आणि रिकामा व्हायला वेळ लागतो. नाक्यावरचं व्होल्टेज वरून खाली येताना मध्ये एक क्षण असा असतो की एन अजून बंद झालेला नाही आणि पी उघडू लागलाय. तेवढ्या क्षणात बॅटरी पी मधून एन मध्ये आणि एन मधून थेट निगेटिव्हला वाहते. क्षण मायक्रोसेकंदांचा, पण करंट शंभराच्या घरातला. प्रत्येक गोळीला दोन वेळा.

म्हणून सुटणाऱ्याने लगेच सुटायचं आणि धरणाऱ्याने थांबून धरायचं. दोन्ही डायोड याच कामाचे आहेत.

एन-चॅनलचं गेट नाक्याला ४.७ के मधून जोडा. त्या रेझिस्टरला समांतर एक डायोड, डायोडवर छापलेल्या पट्ट्याची बाजू नाक्याकडे. गेट भरतं रेझिस्टरमधून, सावकाश. रिकामं होतं डायोडमधून, झटकन. म्हणजे एन उशिरा उघडतो आणि लगेच बंद होतो.

पी-चॅनलचं गेट नाक्याला १०० के मधून, त्यालाही समांतर डायोड, पण उलटा: पट्ट्याची बाजू गेटकडे. आणि पी च्या गेट-सोर्समध्ये २२ नॅनोफॅरड. ट्रिगर दाबला की गेट डायोडमधून एक-दोन मायक्रोसेकंदांत वर जातं आणि ब्रेक सुटतो, एन उघडायच्या आत. ट्रिगर सोडला की तेच गेट १०० के मधून रडतखडत खाली येतं. ब्रेक लागायला पाऊण-एक मिलिसेकंद जातो. एन त्याच्या कितीतरी आधी बंद झालेला असतो. मोटर थांबायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, त्यामुळे हा उशीर बोटाला कळत नाही. या मधल्या क्षणात मोटरचा उसळलेला करंट पी-चॅनलच्या आतल्या डायोडमधून फिरतो, म्हणून वेगळा डायोड लागत नाही. ब्रेक नको असेल आणि पी-चॅनल लावणार नसाल, तर मात्र मोटरवर एक शॉट्की डायोड लावलाच पाहिजे, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे.

हे आकडे आपापल्या मनाने बदलू नका. १०० के महाग नाही, पण त्याच्या जागी हाताशी असलेला १० के लावलात तर मधली फट दहापट कमी होते.

जुळवणी करताना एक सोय निसर्गानेच दिल्यासारखी आहे. या दोन्ही मॉस्फेटची पाठ, म्हणजे भोक असलेला पत्रा, आतून ड्रेनलाच जोडलेला असतो. आणि आपल्या जोडणीत दोघांचे ड्रेन एकाच ठिकाणी, मोटरच्या निगेटिव्हला जातात. म्हणून दोघांना पाठीला पाठ लावून सोल्डर करायचं. दोन्ही पत्र्यांना आधी पातळ सोल्डर चढवा, मग एकमेकांवर ठेवून कपड्याच्या लाकडी चिमट्यात धरा. सोल्डरिंगची इस्त्री ६० वॅटची हवी. २५ वॅटची पत्र्याला गरमच करू शकत नाही, आणि ती धरून बसलात तर आतला तुकडा शिजतो. दहा सेकंदांत सोल्डर वाहिलं पाहिजे, नाही वाहिलं तर इस्त्री उचला, गार होऊ द्या, परत करा. मोटरच्या निगेटिव्हची जाड वायर त्याच पत्र्याच्या कडेला जोडा. मधला, ड्रेनचा पाय मी दोघांचाही कापून टाकते.

छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडे गेट, उजवीकडे सोर्स. पण पाठीला पाठ लावल्यावर एकाचं गेट दुसऱ्याच्या सोर्सशेजारी येतं. इथेच माणसं चुकतात. चिकटवण्याआधी पायांवर मार्करने ठिपके करा: मी सोर्सला लाल, गेटला निळा करते. प्रत्येक पायाला स्लीव्ह चढवा. रेझिस्टर आणि डायोड झिरो पीसीबीच्या, म्हणजे भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डाच्या, नखाएवढ्या तुकड्यावर बसतात, तो तुकडा गेटच्या पायांजवळच ठेवा. शेवटी या सगळ्या जुळवणीवर रुंद हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. पण ती तपासणी झाल्यावरच.

तपासणी तीन टप्प्यांत. घाई करू नका, माझे सगळे जळालेले तुकडे घाईचेच आहेत.

पहिला टप्पा मीटरचा. मोटर आणि बॅटरी काढलेली. मीटर डायोडवर ठेवा, लाल बॅटरी-पॉझिटिव्हच्या वायरला, काळी निगेटिव्हला: काही दिसता कामा नये. पिना उलट करा: दोन्ही मॉस्फेटच्या आतल्या डायोडचा मिळून १ व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. याचाच अर्थ असा, की बॅटरी उलटी जोडली तर ती या दोन आतल्या डायोडमधून शॉर्ट होते. उलटी बसूच शकणार नाही असा कनेक्टर लावा.

दुसरा टप्पा सिरीज बल्बचा. वाइंडिंगवाला सिरीज बल्बाशिवाय काही चालू करत नाही. इथे गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्हमध्ये घाला. अजून मोटर नाही. बॅटरी लावल्यावर बल्ब विझलेला हवा, ट्रिगरच्या वायरी टेकवल्यावरही विझलेलाच हवा. पेटला तर शॉर्ट आहे, पण काही जळणार नाही. मग मोटर जोडा. ट्रिगर टेकवला की मोटर सावकाश फिरेल. सोडला की गपकन थांबेल. बॅटरी लावलेली ठेवून, ट्रिगरला न शिवता, दांडा बोटांनी फिरवा: काकवी. बॅटरी काढा आणि फिरवा: हलका. चुंबकामुळे दांडा मुळातच टप्प्याटप्प्याने अडतो, त्या अडखळण्याला ब्रेक समजू नका. ब्रेकचा जडपणा सलग असतो.

तिसरा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोटर परत काढा, बल्ब काढा, फ्यूज ५ अँपिअरचा लावा. आता ट्रिगरच्या वायरी भराभर शंभर वेळा टेकवा आणि सोडा. मोटरच नाही, म्हणजे करंट जायला दुसरा रस्ताच नाही. जर दोघे एकाच वेळी उघडत असतील तर मॉस्फेट कोमट लागतील किंवा फ्यूज उडेल. बोट लावून बघा, माठातल्या पाण्यासारखे गार हवेत. किंचितही ऊब लागली तर डायोडची दिशा तपासा. दहांतून नऊ वेळा एक डायोड उलटा असतो.

गनमध्ये बसवताना मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे याची खात्री करा, डोळ्यांवर गॉगल घाला. टेबलावरची गन गोळी सोडू शकते हे विसरून चालत नाही. ट्रिगरच्या तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, कारण इतका थोडा करंट काजळी फोडून जात नाही. जुन्या जाड वायरी तिथून काढा, टेफ्लॉनच्या दोन बारीक वायरी लावा. त्या गिअरपासून लांब, गिअरबॉक्सच्या खोबणीतून न्या. त्या दोन वायरी चेपून एकमेकींना टेकल्या तर गन आपोआप सुरू होईल आणि थांबणार नाही. मॉस्फेट जळला तरी तो बहुतेक वेळा जोडलेल्या अवस्थेतच जळतो, म्हणजे तेव्हाही गन सुटतच राहते. म्हणून मैदानाबाहेर पडलात की बॅटरी काढायची. मी त्या मुलाकडून हे वदवून घेतलं. आणि दिसायला ही वस्तू खऱ्या बंदुकीसारखी आहे, तेव्हा येताजाता ती पिशवीत बंद असू द्या.

बोर्ड बॅटरीजवळ बसवा, मोटरच्या उष्णतेपासून दूर. जाड वायर जितकी आखूड तितकी बरी. सुरुवातीला दहा गोळ्या सिंगलवर सोडून बोर्ड हाताला बघा, मग तीस, मग फुल ऑटो, म्हणजे ट्रिगर दाबून ठेवून सलग. चालू खेळात बोर्ड कोमट झाला तर चालतो, बोट टेकवत नसेल तर चालत नाही.

लिथियमच्या बॅटरीवर नजर ठेवा. पट्ट्या जळक्या होत्या तेव्हा गन मंदावली की बॅटरी संपली असं कळायचं. आता मॉस्फेट शेवटपर्यंत जोरात ओढतो, त्यामुळे बॅटरी नको तितकी उतरू शकते. दर सेलला ३.५ व्होल्ट दिसले की काढून चार्जिंगला लावा. फुगलेली बॅटरी परत वापरू नका.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा गन न्यायला आला. दुकानाच्या मागच्या बोळात पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, दोघांनी गॉगल लावले आणि त्याने ११.१ वाली गन सिंगलवर ठेवून एकेक गोळी मारायला सुरुवात केली. मी मोजत होते. पन्नास वेळा दाबलं, पन्नास गोळ्या. मग त्याने गन कानाशी धरून रिकामीच दाबली. पूर्वी गोळीनंतर मोटरची शेपटीसारखी एक घरघर यायची, ती नव्हती. नुसतं टक्.

"ताई, आवाजच तुटला की हो."

आप्पा आतून उठून आले, तीनदा टक् ऐकलं आणि विचारलं, "कार्बन कधी बघायचे ते सांगितलंस का त्याला?" सांगितलं नव्हतं. ब्रेकवाल्या दोन गनच्या मुठीत, मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख लिहून दिली. दर महिन्याला झाकण उघडायचं, कार्बन बाहेर काढून त्यांची लांबी नव्याशेजारी ठेवून बघायची, कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन टेकतात तो तांब्याचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसायचा, आणि पट्टीवर पुढची तारीख लिहायची. कार्बन अर्ध्यावर आले की बदलायचे, दोन्ही एकदम.